तेरावी ओळ

डावी, एक, तीन. बिजागऱ्या.

लग्न होऊन या घरात आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सासऱ्यांनी विचारलं, "साखर कुठे ठेवलीस?"

मी म्हटलं, "डब्यात."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग नणंदेनं आतून डोकावून माझ्या वतीनं उत्तर दिलं. "ओट्यावरची, दोन, एक." सासऱ्यांनी हात लांब केला आणि न बघता साखर काढली.

"नवी आहे," नणंद त्यांना म्हणाली. त्या दिवसापासून माझं नाव नवी. आता माझे केस पिकायला लागलेत, तरी नवीच.

आमचं दुकान आहे. दाराला, खिडकीला, कपाटाला जे जे लोखंडी-पितळी लागतं ते सगळं. तीन भिंती, तिन्ही लाकडी खणांनी भरलेल्या, आणि एकाही खणावर नाव नाही. नावं लिहिली की गिऱ्हाईक स्वतःच उचकायला लागतं, असं आजेसासऱ्यांचं मत होतं. शिवाय एकाच वस्तूला सुतार एक म्हणतो, गवंडी दुसरं, कंपनीचा माणूस तिसरं. म्हणून दुकानात वस्तूचं नाव घ्यायचंच नाही, जागा सांगायची. आधी भिंत, मग ओळ, मग खण. ओळी खालून मोजायच्या, कारण सुरुवात खालच्या दोन ओळींनी झाली आणि धंदा वाढला तसे वर खण चढत गेले. नवव्या ओळीवर छत आलं आणि थांबले.

ही बोली दुकानातून घरात कधी आली ते कुणालाच माहीत नाही. माझा नवरा झोपेतसुद्धा तीच बडबडतो. एकदा त्याला तापात डॉक्टरांनी विचारलं, "कुठे दुखतंय?" तर म्हणाला, "मागची, आठ, डावीकडून." डॉक्टरांनी तापाचं औषध वाढवलं.

उजवी, सहा, चार. पितळी कड्या.

ताई, म्हणजे माझी नणंद, शिडीवर होती. खाली गिऱ्हाईक, त्याला कड्या हव्या होत्या. ताईनं खण ओढला, आत हात घातला आणि







खण उघडाच होता. ताईचा हात आतच होता, पण बोटं कड्या शोधत नव्हती. लाकडाची कड चाचपत होती, एकसारखी, जणू तिथे कापड आहे आणि त्याचा पोत बघायचाय. तोंड काहीतरी चघळत होतं. डोळे उघडे. गिऱ्हाईक म्हणालं, "बाई, झालं का?"

मग तिचा पाय सुटला.

खांद्याचं हाड मोडलं, एवढ्यावर निभावलं. अण्णांनी, म्हणजे सासऱ्यांनी, त्याच दिवशी शिडी उचलून मागच्या बोळात नेली आणि साखळीनं बांधून कुलूप घातलं. किल्ली स्वतःच्या खिशात.

ताईला फिट लहानपणापासून येतात. धाडकन पडून हातपाय झाडण्याच्या नव्हेत, अशा थांबण्याच्या. ती आहे आणि नाही. मग परत येते, आणि परत आल्यावर बराच वेळ तिला नावं सापडत नाहीत. घड्याळाला "ते गं, फिरतं ते." बादलीला "पाण्याची... पाण्याची ती." गेल्या काही वर्षांत हे फिट नसतानाही व्हायला लागलं होतं. काल कोण येऊन गेलं ते आज पुसट. मला पाच मिनिटांपूर्वी सांगितलेली गोष्ट ती पुन्हा सांगायची, तितक्याच उत्साहानं, आणि मी तितक्याच उत्साहानं ऐकायची.

जागा मात्र चुकायची नाही. फिटमधून डोळे उघडल्या उघडल्या, स्वतःचं वय सांगता येत नसतानाही, कुणी म्हणालं "दोन इंची स्क्रू" की ताई, "डावी, तीन, सात." आम्हाला त्यात काही विशेष वाटलं नाही. सवय, एवढंच वाटलं.

शिडी गेल्यापासून तिचा हात पोचेल तेवढ्याच ओळी तिच्या राहिल्या. वरचं काही हवं असलं की नवऱ्याला हाक मारायची. तो अण्णांकडून किल्ली घेऊन शिडी आणायचा, चुकीचं काहीतरी काढायचा आणि ताई खालून बघत राहायची, कुणीतरी आपल्या केसांतून वाकडा भांग पाडतंय अशी.

"मला माझी शिडी परत हवी," ती म्हणाली. चार औषधं बदलून झाली होती. तेव्हा आम्ही सर्जनकडे गेलो.

मागची, दोन, पाच. तारा, जाड आणि बारीक.

सर्जननी पडदा आमच्याकडे वळवला. पडद्यावर ताईचा मेंदू होता, पण मांसासारखा नाही. नुसते धागे. निळे, हिरवे, तांबडे, एकमेकांत गेलेले, वळलेले, पसरलेले. कुणीतरी एक अख्खी रीळ उसवून हवेत धरलीय असं.

"हे सगळं माझ्यात आहे?" ताईनं विचारलं.

"सगळ्यांच्यात असतं."

"ह्याच्यातसुद्धा?" तिनं माझ्या नवऱ्याकडे बोट केलं.

"असावं," सर्जन म्हणाले. माझा नवरा हसला नाही, तो पडदाच बघत होता.

सर्जननी समजावलं. हे धागे म्हणजे रस्ते. मेंदूचा एक भाग दुसऱ्या भागाशी बोलतो तो यांवरून. ताईची फिट डाव्या कानशिलाच्या आत, एका छोट्या जागेत सुरू होते. पण नुकसान त्या जागेपुरतं राहत नाही. त्या जागेचं ज्यांच्याशी येणं-जाणं होतं, त्या लांबलांबच्या जागाही हळूहळू मंदावतात. वर्षानुवर्षं रस्त्यावर वीज कोसळत राहिली तर त्या रस्त्यानं कोण जाणार. म्हणून नावं अडतात, म्हणून कालचं निसटतं.

खरंच, डावीकडचे धागे विरळ होते. मधून मागचा काळा पडदा दिसत होता.

"आणि इकडे?" माझ्या नवऱ्यानं उजवीकडे दाखवलं. तिथे धाग्यांचा एक जुडगा होता, अंबाड्यासारखा घट्ट.

"तो नेहमीपेक्षा जाड आहे," सर्जन म्हणाले. "का, ते मला माहीत नाही."

मला ते उत्तर आवडलं. डॉक्टरच्या तोंडून असं वाक्य मी तोवर ऐकलं नव्हतं.

डावीकडची ती छोटी जागा काढली तर फिट थांबायची शक्यता चांगली होती. पण बहुतेकांचे शब्द आणि नव्या आठवणी डावीकडेच राहतात. ताईचे तिथेच असतील तर काढता येणार नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. म्हणून एक चाचणी. मांडीतल्या रक्तवाहिनीतून एक बारीक नळी मानेपर्यंत न्यायची, औषध सोडायचं, आणि मेंदूची डावी अर्धी बाजू काही मिनिटं झोपवायची. उजवी जागी. त्या जाग्या अर्ध्या बाजूला चित्रं दाखवायची आणि विचारायचं, हे काय.

"म्हणजे अर्धी मी झोपणार आणि उरलेल्या अर्धीची परीक्षा," ताई म्हणाली.

"हो."

"घ्या की. कोणती अर्धी हुशार आहे ते मलाही बघायचंय."

अण्णा एवढंच म्हणाले, "नापास झाली तर?"

"तर ऑपरेशन नाही. औषधं चालू, आणि उंचावर चढायचं नाही. कायमचं."

ताईनं मान डोलावली. पदराचं टोक तिनं बोटाभोवती इतकं आवळलं होतं की बोट पांढरं पडलं.

डावी, सात, एक. रिकामा.

(चाचणी चालू होती तेव्हा आम्ही बाहेर बाकावर होतो. आम्हाला काही दिसलं नाही.)

उजवी, तीन, दोन. टाचण्या.

नापास.

सर्जननी ते नीट शब्दांत सांगितलं, पण आम्ही ते एका शब्दात घरी आणलं. डावी बाजू झोपल्यावर ताईनं एकाही चित्राचं नाव सांगितलं नाही. नुसते आकडे म्हणत राहिली. ताईनं ऐकून घेतलं, चप्पल घातली आणि आमच्या पुढे चालू लागली. दुकानात येऊन खालच्या ओळीतले खण पुसायला बसली. ते कालच पुसले होते. ते तिला आठवत नव्हतं, किंवा आठवत होतं.

दोन दिवसांनी चाचणीवाल्या बाईंचा फोन आला. डॉक्टर त्याही, पण मेंदूच्या चाचण्या घेणाऱ्या. आवाज घाईचा. "पेशंटला आणू नका. घरातलं कुणीतरी या. मला काहीतरी विचारायचंय."

अण्णा, नवरा आणि मी, तिघेही गेलो. ताईला सांगितलं, माल बघायला जातोय. ती म्हणाली, "तिघं?" आम्ही निघालो.

बाईंच्या खोलीत खुर्च्या दोनच होत्या. अण्णा उभे राहिले.

"त्या दिवशी मी लिहिलं की पेशंट आकडे मोजतेय," बाई म्हणाल्या. "असं होतं. शब्द गेले तरी आकडे, वार, पाठ झालेलं काहीही तोंडातून येत राहतं. त्याला अर्थ नसतो. पण दोन गोष्टी मला झोपू देईनात. एक म्हणजे औषध उतरल्यावर मी विचारलं, मघाशी काय काय पाहिलंत, तर त्यांनी सगळी चित्रं ओळखली. एकही चुकलं नाही. म्हणजे त्या वेळी आत कुणीतरी जागं होतं, बघत होतं. आणि दुसरं, एक चित्र मी चुकून पुन्हा दाखवलं, तर त्यांनी तेच आकडे पुन्हा म्हटले. तेच, त्याच क्रमानं. मला वाटतं हे मोजणं नाही. तुम्हीच ऐका."

त्यांनी रेकॉर्डिंग लावलं.

ताई पाठीवर पडलेली. उजवा हात गादीवर, कुणी दुसऱ्याचा आणून ठेवल्यासारखा. चेहऱ्याची एक बाजू उतरलेली. बाईंचा आवाज आणि पुढे एकेक चित्र.

*कुलूप.*
"मागची. चार. दोन."

*किल्ली.*
"मागची. चार. तीन."

*कात्री.*
"उजवी. एक. सहा."

माझ्या नवऱ्याच्या तोंडून हसू फुटलं. हसू म्हणजे नाकातून आलेला आवाज, रडण्याच्या फार जवळचा. "बरोबर आहे," तो म्हणाला. "बाई, सगळं बरोबर आहे. कुलपं तिथेच असतात."

"कुठे?"

"मागच्या भिंतीला. चौथ्या ओळीत. दुसरा खण."

अण्णांना लाज वाटली. घरातली एखादी खाजगी गोष्ट चारचौघांत उघडी पडल्यासारखी. "आमच्यात असंच बोलतात," ते म्हणाले. "पोरांना लहानपणापासून सवय आहे. चूक आमची. आधी सांगायला हवं होतं."

बाईंनी तोंडावर हात ठेवला होता. मग म्हणाल्या, "म्हणजे उजवी बाजू बोलत होती. जिनं बोलायला नको, ती. फिटनं डावीकडचे रस्ते झिजत होते तेव्हा लहानपणीच हिनं इकडे दुसरे पाडले. आणि त्यावरून तुमची ही बोली चालवली." त्या खुर्चीत मागे टेकल्या. "सर्जनना आत्ता बोलावते."

"थांबा," नवरा म्हणाला. "अजून संपलं नाहीये."

रेकॉर्डिंग पुढे चालू होतं.

*होडी.*

आमच्या दुकानात होडी नसते. होडीला लागणारंही काही नसतं. आम्हा तिघांनाही वाटलं, आता ती अडणार.

"मागची," ताई म्हणाली. जराही न अडता. "तेरा. एक."

*पक्षी.*
"डावी. अकरा. चार."

*घोडा.*
"मागची. तेरा. दोन."

*ढग.*
"उजवी." इथे ती थांबली. डोळे हळूहळू वर गेले, आणखी वर, आणि चेहऱ्याची जी बाजू हलत होती तिच्यावर हसू आलं. "उजवी. खूप वर."

*होडी.* हेच ते चुकून पुन्हा दाखवलेलं.
"मागची. तेरा. एक."

"तेरावी ओळ नाहीये," अण्णा म्हणाले.

"म्हणजे?"

"नऊ आहेत. नवावर छत आहे." त्यांचा आवाज बारीक झाला होता. "वर काही नाही. तिथे कुणी काही ठेवलेलं नाही."

"ठेवलंय," बाई म्हणाल्या.

अण्णांनी मान वर केली. त्या खोलीचं छत साधं होतं, एक दिवा आणि एक डाग. ते तिकडे बघत राहिले. मीही बघितलं. पलीकडे भिंतीवर पाहावं तर ताईच्या मेंदूचं तेच चित्र लावलेलं, तीच रंगीत रीळ, उजवीकडचा तो घट्ट जुडगा, आणि मला एकदम दिसलं की ते धागे नाहीत, ती शिडी आहे. आम्ही खाली गिऱ्हाइकांशी घासाघीस करत होतो, जेवत होतो, भांडत होतो, आणि त्या सगळ्या वर्षांत आमच्या डोक्यांवर ताईची एक बाजू एकटीच, नाव न घेता, ओळीवर ओळ चढवत होती. घोडे. पक्षी. जगातलं जे जे दुकानात मावलं नाही ते.

मागची, नऊ, एक. सगळ्यात वरचा.

ताईला सांगितलं तेव्हा ती गल्ल्यावर होती.

"मी? होडी?"

"तेरावी ओळ," मी म्हटलं.

तिनं वर बघितलं. छताकडे, बराच वेळ. "मला काही दिसत नाही गं," ती म्हणाली. मग, "म्हणजे वर एवढा माळा बांधला आणि मलाच जिना ठेवला नाही. कमाल आहे माझी."

सर्जननी पुढच्या भेटीत स्पष्ट सांगितलं. आता ऑपरेशन करता येईल. फिट थांबतील असं वाटतं. पण नावं जातील. सगळी नाहीत, कदाचित काही महिन्यांत परतही येतील, पण जातील. उजवी बाजू किती पेलेल ते कुणालाच ठाऊक नाही. "तुमच्यासारखी मी दुसरी पाहिलेली नाही," ते म्हणाले.

अण्णा नको म्हणाले. माणसासारखं बोलता येणार नसेल तर कशाला. शिडी काय, शिडीवर माझा मुलगा चढेल.

"तो चढतो आणि स्क्रूच्या जागी खिळे आणतो," ताई म्हणाली.

"ताई, एकदाच झालं होतं ते," नवरा म्हणाला.

"अण्णा, नावं तशीही माझी राहिलेली नाहीत. रोज सकाळी हात लावून बघते कोणती उरलीत. तुम्हाला कळू देत नाही एवढंच." ती हे अगदी शांतपणे म्हणाली, मालाचा भाव सांगावा तसं. "अशीच गेली तर सगळी जातील, आणि फिटही राहतील. ते नको."

अण्णा मागच्या बोळात गेले. साखळीचा आवाज झाला, पण शिडी काही आली नाही. ते तिच्याशेजारी नुसते उभे होते, हात तिच्या पायरीवर ठेवून. मग आत आले आणि म्हणाले, "कर तुला करायचं ते."

( , , )

ऑपरेशनच्या दुसऱ्या सकाळी तिला शुद्ध आली. डोक्याला पांढरं बांधलेलं, एक डोळा सुजलेला. तिनं आमच्याकडे एकेक करून बघितलं.

"अण्णा," ती म्हणाली. अण्णांनी पलंगाचा दांडा घट्ट धरला.

"बंधुराज." नवऱ्यानं मान खाली घातली.

माझ्याकडे बघून ती थांबली.

"नवी," ती म्हणाली. "कसला अवतार केलायस. झोपली नाहीस का?"

मग नर्स आली, आणि तिच्यामागून चाचणीवाल्या बाई. नर्सनं ट्रेमधून एक कंगवा उचलून ताईसमोर धरला. "हे काय आहे, सांगाल?"

ताईनं कंगव्याकडे बघितलं. तोंड उघडलं. मिटलं. कपाळावर आठी आली. कंगवा ती रोज वापरते. ती त्याच्याकडे अशी बघत होती, जणू रस्त्यात ओळखीचं माणूस भेटावं आणि ते कोण ते आठवू नये.

"घाई नाही," नर्स म्हणाली, पण तिनं बाईंकडे ज्या नजरेनं बघितलं त्यात घाई होती. अण्णा खिडकीकडे वळले. त्यांचे खांदे पडलेले मी पाहिले.

"मागची," ताई म्हणाली.

अण्णा वळले.

"मागची. अकरा. सहा."

या वेळी काहीही झोपवलेलं नव्हतं. ती पूर्ण जागी होती, दोन्ही हात चादरीवर, दोन्ही हलते. स्वतःच्या आवाजानं ती स्वतःच दचकली. तिची नजर कंगव्यावरून निघाली, नर्सच्या खांद्यावरून वर गेली, भिंतीवरून, भिंत जिथे संपते तिथवर, आणि तिथे अडली नाही. डोळे बारीक झाले, मग मोठे. लहानपणी आम्ही प्रदर्शनात आकाशपाळणा पहिल्यांदा बघितला तेव्हा माझ्या बहिणीचे डोळे असे झाले होते.

"ताई," मी म्हटलं, "काय गं?"

तिनं हात वर करून मला गप्प केलं.

नर्सनं दुसरी वस्तू उचलायला ट्रेत हात घातला. बाईंनी तिला थांबवलं. स्टूल ओढून पलंगाला अगदी लावलं, बसल्या, आणि ताई जिकडे बघत होती तिकडे त्यांनीही बघितलं, जणू त्यांनाही दिसेल.

"सहाव्या खणात कंगवा," त्या हळूच म्हणाल्या. "आणि शेजारी? सातव्यात काय आहे?"

ताईनं डोळे मिटले.

"थांबा," ती म्हणाली, "बघून सांगते."